एक जूनची माणसं

हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लागला की पोरगं पहिलीत बसवायचं, हा आमच्या काळचा जन्माचा दाखला. माझाही हात असाच मोजला गेला. दोनदा तो कमी पडला. तिसऱ्यांदा मी मान थोडी वाकडी केली, बोटाचं टोक कानाला टेकलं आणि मास्तरांनी "लागला" म्हणून रजिस्टर पुढं ओढलं. जन्मतारीख? वडील म्हणाले, "नारळी पौर्णिमेला झालाय. घरात नारळीभात होता, म्हणून ध्यानात आहे." मास्तरांनी नारळीभात शांतपणे ऐकून घेतला आणि १ जून १९५७ लिहिलं. शाळा जूनमध्ये भरायची, वयाचं गणित जूनपाशी जुळवलं की पुढची कटकट मिटायची. पौर्णिमा कुणी कुणाला समजावत बसायची?

पुढं मीच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि रजिस्टर माझ्या हातात आलं. 'दुष्काळ पडला त्या साली', 'थोरल्या म्हशीच्या रेडकाबरोबरचं', 'आत्याच्या लग्नात पोटात होता' असल्या पुराव्यांवर मी सुरुवातीच्या पंधरा-वीस वर्षांत सातारा जिल्ह्यातली किती पोरं १ जूनला जन्माला घातली, याचा हिशेब चित्रगुप्ताकडंच असेल. आम्हा एक जूनवाल्यांची जमात सरकारी नोकरीत लगेच ओळखू येते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळं ३१ मे आला की राज्यभर शाल-श्रीफळाचा खप वाढतो. माझा निरोप समारंभ ३१ मे २०१५ चा. एकाच मांडवात आम्ही चौघं होतो. भाषणं एकच झाली, फक्त नावं बदलून.

निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून पुतण्यानं सोशल मीडियावर खातं उघडून दिलं. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही; तुमच्याही फोनवर ते असणारच. नाव झालं, गाव झालं, मग जन्मतारखेची चौकट आली. मी म्हटलं, थांब. शाळेच्या दाखल्यावर खोटं, सेवापुस्तकात खोटं, आधारवर खोटं. इथं कोण विचारायला येतंय? इथं तरी खरं लिहू. माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांनी जपलेलं जुनं पंचांग होतं. १९५७ ची नारळी पौर्णिमा १० ऑगस्टला निघाली. तीच टाकली. साठीला टेकता टेकता पहिल्यांदा मी माझी खरी जन्मतारीख स्वतःच्या हातानं लिहिली, आणि आयुष्यात एकदाच खरं बोलल्याची जी शिक्षा असते ती मला पुढं झाली.

झालं ते असं. पुण्याला लेकीकडं मुक्कामाला गेलो होतो. तिनं नवा फोन हातात दिला. पहाटे साडेचारला जाग आली, म्हणून नव्या फोनवरून नेहमीप्रमाणं झेंडूच्या फुलाखाली 'शुभ सकाळ' लिहून टाकायला गेलो, तर पडदा पांढरा झाला. 'तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळली आहे. तुमच्या सुरक्षेसाठी खातं कुलूपबंद करण्यात आलं आहे.'

झेंडूच्या फुलात संशयास्पद काय असतं, हे मी उजाडेपर्यंत शोधत होतो. जावयानं चहा पिताना उलगडा केला. फोन नवा, सिमकार्ड नवं, गाव नवं आणि वेळ चोराची. यंत्राला वाटलं, कोणीतरी गुरुजींच्या घरात शिरलंय. यंत्राचं तसं चुकलं नव्हतं. आमच्या गावातही पहाटे साडेचारला अनोळखी माणूस दिसला तर कुत्री हेच करतात.

"बरं झालं," आमची ही म्हणाली. "आता सकाळी देवपूजेला तरी वेळेवर उठाल."

पण मला ते बरं नव्हतं. त्या खात्यात माझ्या शाळांचे फोटो होते, सहलींचे होते, पडक्या वर्गखोलीचे होते. गावोगाव पांगलेली पोरं तिथं भेटत होती. आणि आमचे एक हेडमास्तर, जे तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांनी माझ्या प्रत्येक फोटोखाली न चुकता लिहिलेलं 'छान' होतं. शुद्धलेखनाचा माणूस. पूर्णविरामासकट छान.

तेव्हा कुलूप उघडायचं ठरलं.

पहिल्या दारावर यंत्रानं विचारलं, तुम्ही माणूसच ना? पुढं नऊ चौकटी. रस्ता ओलांडायचे पट्टे असलेल्या चौकटी निवडा. आमच्या तालुक्याच्या गावात असे पट्टे एकदा मंत्री आले तेव्हा मारले होते, ते पहिल्याच पावसात गेले. मग आग विझवायचे नळ निवडा. रस्त्याच्या कडेला उभे असलेले ते बुटके लाल ठोकळे मी जन्मात पाहिले नव्हते. मैलाचे दगड समजून सोडून दिले. मग मोटारसायकल. तिचं अर्धं चाक शेजारच्या चौकटीत गेलेलं. ते धरायचं की नाही? पेपर तपासताना अर्धा मार्क देणारा मी, तिथं घाम फुटला.

हा खेळ इसवी सन २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लुई फॉन आन आणि त्याच्या गुरुजींनी, मॅन्युएल ब्लम यांनी, काढला असं जावयानं सांगितलं. पुढं फॉन आनच्याच डोक्यात आलं की लोक एवढे शब्द ओळखून टाइप करतायत तर ते वाया का घालवायचे. मग यंत्राला न वाचता आलेले 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जुन्या अंकांतले शब्द लोकांपुढं टाकायला सुरुवात झाली आणि आपण माणूस आहोत हे सिद्ध करता करता लोकांनी फुकटात त्यांची दप्तरं लिहून दिली. २००९ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं. मला ऐकून गहिवरून आलं. जनगणना झाली, निवडणुका झाल्या, पोलिओच्या रविवारी दारोदार बाळं शोधून झाली, आणि आता निवृत्तीनंतर हे. शाळाबाह्य काम शिक्षकाची पाठ सोडत नाही.

दुसऱ्या दारावर ओटीपी होता. सहा आकडी नंबर तुमच्या मोबाईलवर पाठवला आहे, म्हणाले. पाठवला असेलही, पण आला नाही. पाच मिनिटं दोघंही माझ्या नव्या फोनकडं बघत बसलो. मग शेवटचे दोन आकडे पाहून माझ्या ध्यानात आलं, की हा तर माझा जुना नंबर. वर्षभरापूर्वी गावात रेंज येईना म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं होतं आणि जुनं ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. जावई म्हणाला, "बाबा, नव्वद दिवस वापरलं नाही की ते बंद होतं. मग आणखी नव्वद दिवस थांबून कंपनी तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते." म्हणजे भाडेकरू सोडून गेला, खोली रंगवली, नवा भाडेकरू आला, आणि माझी पत्रं अजून त्याच पत्त्यावर चालली होती.

मला साधा उपाय सुचला. मी माझ्या जुन्या नंबरवर फोन लावला. जावई आंघोळीला गेला होता, नाहीतर त्यानं लावू दिला नसता.

"हॅलो, कोन बोलतंय?" मागं जेसीबीचं इंजिन धडधडत होतं.

"नमस्कार. हा नंबर पूर्वी माझा होता."

"बरं मग?"

"आत्ता तुमच्या फोनवर एक सहा आकडी नंबर आला असेल. तेवढा सांगता का जरा?"

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर माझं मलाच ऐकू आलं. पोलीस शाळेत येऊन पोरांना जे वाक्य ऐकल्यावर फोन ठेवा म्हणून सांगतात, तेच. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"आरं वा," तो म्हणाला. "या हप्त्यात तू तिसरा."

"अहो, मी रिटायर्ड शिक्षक आहे."

"परवाचा शीबीआयचा सायेब हुता. तू आपला मास्तरावरच भागिवलंस."

"तुमचा गैरसमज होतोय. मला तुमच्या पैशाशी काही देणंघेणं नाही. माझं खातं लॉक झालंय."

"सगळ्यांचंच खातं लॉक हुतंय. कालच्याचं लायटीचं कनेक्शन तुटत हुतं." इंजिनाचा आवाज जरा खाली आला, त्याला आता गंमत वाटू लागली होती. "आनि काय रं, माझी येवढी माहिती हाय तुझ्याकडं, तर माझी जन्मतारीख सांग बघू."

सदतीस वर्षांची सवय. तोंडातून आपसूक गेलं, "एक जून."

पलीकडं जेसीबी बंद झाला.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकदम हळू, खासगी आवाजात आलं, "आयला. आधार बी काढलंय व्हय रं माझं?"

फोन कट. मी पुन्हा लावला तर लागेना. माझ्याच नंबरनं मला ब्लॉक केलं होतं.

त्या माणसाला मी दहापैकी दहा मार्क देतो. ओटीपी आपल्या सख्ख्या भावालाही सांगू नये, आणि तो तर परका. त्यानं मला नंबर सांगितला असता तर माझं काम झालं असतं हे खरं. पण उद्या दुसऱ्या कोणीतरी 'मी रिटायर्ड शिक्षक' म्हणून फोन केला असता, तर त्यालाही सांगितला असता. कोणाच्या तरी वर्गात तो नीट शिकलाय. माझ्याच असेल कदाचित; तारीख तर माझ्याच हातची वाटत होती.

तिसऱ्या दाराबद्दल जास्त बोलत नाही. 'तुमच्या आईचं माहेरचं नाव काय?' हा प्रश्न ज्यानं काढला त्याला एवढंच वाटलं असेल की बायकांचं लग्नात आडनाव बदलतं. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवऱ्यानं बायकोचं अख्खं नावच नवं लिहायची रीत. आई चिपळूणकडची. माहेरी ती द्वारका, सासरी लक्ष्मी, आणि गल्लीत सगळ्यांची काकू. पुतण्यानं दहा वर्षांपूर्वी यातलं काय टाकलं, आणि द्वारकाच टाकलं असेल तर 'द्वा'ला डब्ल्यू लावला की व्ही, हे त्यालाही आठवेना. पाच वेळा चुकलो. यंत्र म्हणालं, चोवीस तासांनी या.

त्या चोवीस तासांत मी ती चूक केली, जी सगळे करतात. कंपनीचा कस्टमर केअरचा फोन नंबर नेटवर शोधला. सापडला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत.

पहिल्या रिंगला फोन उचलला गेला. "नमस्कार काका, बोला, काय सेवा करू?"

मी खुर्चीत सरसावून बसलो. सदतीस वर्षं मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पंचायत समितीत, लेखा विभागात, ट्रेझरीत. 'काय सेवा करू' हे शब्द मी फक्त देवळात आणि तेही माझ्या बाजूनं ऐकले होते. मी सगळं सांगितलं. तो मधूनमधून "अरेरे" म्हणत होता. "काका, काळजी करू नका, दहा मिनिटांत उघडून देतो. मी एक लिंक पाठवतो, ते ॲप डाउनलोड करा, म्हणजे तुमचा स्क्रीन मला इथून दिसेल. आणि दहा रुपये व्हेरिफिकेशन फी भरा, लगेच परत मिळतात."

ही समोर मेथी निवडत बसली होती. फोन स्पीकरवर होता. चष्मा असला की मला कान वेगळा लावता येत नाही. काडी मोडता मोडता ती म्हणाली, "पहिल्याच रिंगला उचलला हो?"

"हो. कार्यक्षम आहेत."

"साहेब जेवायला गेलेत, नाही म्हणाला?"

"नाही."

"उद्या या, नाही म्हणाला?"

"नाही."

"तुमच्या पेन्शनच्या कागदाला किती दिवस लागले होते?"

"अकरा महिने."

तिनं मेथीची जुडी ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यात तोंड घालून म्हणाली, "बाळ, तुझी आई काय करते?" पलीकडं क्षणभर सुन्न शांतता झाली आणि फोन बंद झाला. हा प्रश्न तिला कसा सुचला ते मला आजही कळलेलं नाही. पण पोलिसाचं नाव ऐकून जो घाबरला नसता, तो आईच्या नावानं गेला.

संध्याकाळी जावयानं माझी शाळा घेतली. हात जोडून ऐकली. फुकटच्या खातेदारासाठी असल्या कंपन्या फोनवर माणूस बसवत नाहीत. नेटवर जो नंबर सापडतो तो चोरानं आपल्यासाठीच तिथं मांडून ठेवलेला असतो. आपला स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप टाकलं की पुढचा ओटीपी विचारायचीही त्याला गरज उरत नाही, तो त्याला दिसतोच. दहा रुपये हा तर नुसता गळाला लावलेला किडा. पैसे गेले असते तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा असतो, कारण जितकं लवकर कळवाल तितकी मधल्या मधे रक्कम अडवायची आशा. आपले गेले नव्हते. मग त्यानं तो नंबर सरकारच्या 'संचार साथी'वर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं कळवला.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं गेलोच. तोंडात मावा, कानात पेन. "दोन हजार, आधारची झेरॉक्स आणि जुना पासवर्ड लिहून द्या, संध्याकाळपर्यंत उघडतो." जुना पासवर्ड आठवत असता तर याच्याकडं कशाला आलो असतो, एवढी शंका माझ्या डोक्यात वेळेवर आली, ही त्यातल्या त्यात प्रगती.

पासवर्डावरून आठवलं. ही भानगड १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या संगणकावर सुरू झाली, आणि वर्षभरातच तिथल्या ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यानं, आपल्याला मशीनवर जास्त वेळ मिळावा म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. म्हणजे परीक्षा आणि कॉपी यांचा जन्म एकाच सुमाराचा. पुढं २००३ मध्ये बिल बर नावाच्या अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यानं नियम लिहिला की पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि तो वरचेवर बदलायला हवा. जगानं तो पाळला. लोकांनी शेवटी १ लावला, बदलायची वेळ आली की २ केला. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्या गृहस्थांनी वर्तमानपत्राला सांगितलं की आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. चांगल्या हेतूनं एक सोयीचा नियम रजिस्टरात लिहावा, आणि पुढं लाखो लोकांनी तो गळ्यात घेऊन हिंडावं, हे दुःख मला कोणी नव्यानं समजावून सांगायला नको.

मग आम्ही सरळ रस्ता धरला. सरळ रस्ता नेहमीच लांबचा. जावयानं कंपनीच्या मदतीच्या पानाचा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप केला. कोणी पाठवलेली लिंक नको, शोधून आलेली नको. तिथं ओळखपत्र मागितलं. आधारचं झाकलेलं रूप डाउनलोड केलं, ज्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत, शेवटचे चार दिसतात. मग फोन म्हणाला, चेहरा गोलात आणा. मान डावीकडं. उजवीकडं. आता हळूहळू वर. आमच्या हिला बघायला गेलो होतो तेव्हा तिच्या मामांनी मला असंच चालून दाखवायला लावलं होतं, पाय तपासायला. त्याची आठवण झाली. एवढं करून यंत्रानं तो चेहरा माझ्या खात्यावरच्या फोटोशी ताडून पाहायचा होता. तिथं मी दहा वर्षं विठोबाचा फोटो लावून बसलो होतो.

उत्तर आलं, माहिती जुळत नाही. आधारवर १ जून, खात्यावर १० ऑगस्ट. खात्यावरची तारीख बदला म्हणावं, तर त्यासाठी आत जायला हवं. आत जायला तारीख जुळायला हवी. हे त्रांगडं मला ओळखीचं होतं. शिक्षण खात्यात याला 'जावक क्रमांकाशिवाय आवक नाही' म्हणतात.

मग मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी या कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावलाय, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी असं बजावलंय, आणि त्याच्या वर दाद मागायला जानेवारी २०२३ मध्ये तीन अपील समित्याही नेमल्यात, हे कळल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं. अर्ज! वर अपील! हे तर माझं मैदान. मी दीड पानी मजकूर लिहिला. 'विषय : जन्मतारखेतील तफावतीबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अर्जदाराचा जन्म नारळी पौर्णिमेस झाला असून...' हात डोक्यावरून कानाला लावायची पद्धत समजावून सांगितली. वडिलांच्या पंचांगाचं पान फोटो काढून जोडलं. लेकीनं त्याचं इंग्रजी केलं. नारळीभातापाशी तिची गाडी अडली. पोच चोवीस तासांच्या आत आली. मी ती वहीत चिकटवली. निकालाची मात्र वाट बघावी लागली नाही, कारण मधेच पुतण्याला आठवलं.

"काका, खातं उघडताना मी तुमचा ईमेलपण काढला होता."

मला ईमेल आहे हे मला दहा वर्षांनी कळत होतं. पासवर्ड अर्थातच त्याला आठवत नव्हता. "पण घरच्या जुन्या फोनवर तो उघडाच असेल. तुम्ही गावी जा. जुनाच फोन, घरचंच वायफाय. तिथून करा."

गावी आलो. फोन देव्हाऱ्याच्या खणात होता. काच तडकलेली, ही त्यावर हरिपाठ लावायची. चार्जिंगला लावला तर अर्ध्या तासानं जागा झाला. ईमेल खरंच उघडा होता, आत न वाचलेली चार हजार पत्रं. मी ओट्यावर बसलो, पाय वर घेतले, नेहमीच्या खांबाला टेकलो आणि खात्यावर गेलो. यंत्रानं ईमेलवर एक नंबर पाठवला, तो मी टाकला. ना पट्टे विचारले, ना आईचं माहेर. दार उघडलं.

पुतण्यानं फोनवर कारण सांगितलं: ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा असली की यंत्राचा संशय कमी होतो. म्हणजे ज्या माझ्या आधारकार्डाला, चेहऱ्याला आणि दीड पानी अर्जाला त्यानं ओळख दिली नाही, ते मला माझ्या ओट्यावरून ओळखत होतं. गल्लीतल्या बायकाही तसंच करतात. मला बाजारात बघितलं तर नमस्कार करायच्या राहतात.

आत गेल्यावर पहिलं काम पुतण्यानं सांगितलं ते केलं: खातं आणखी कुठं कुठं उघडं आहे ती यादी बघायची. यादीत पुणं होतं, आमचं गाव होतं आणि कराड होतं. कराडला २०१८ मध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात बसून मी एक फोटो छापून घेतला होता. तेव्हापासून त्या दुकानात माझं खातं उघडंच. एवढी वर्षं झेरॉक्सवाल्यावर ज्याला संशय आला नाही, त्याला झेंडूच्या फुलावर आला. तिथलं दार बंद केलं. नंबर नवा घातला. दुहेरी कुलूप लावलं. आता पासवर्डानंतर एका ॲपमधला आकडा लागतो, जो दर तीस सेकंदांनी बदलतो. चष्मा सापडेपर्यंत दोन आकडे निघून जातात. फोन हरवला तर वापरायचे दहा राखीव नंबर मिळाले, ते वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले. ती पिशवी कुठं ठेवलीय ते हिला माहीत आहे. मला नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे.

मग हेडमास्तरांचं 'छान.' शोधलं. होतं.

शेवटी जन्मतारखेचं पान उघडलं. पुन्हा कुलूप लागलं तर आधार जुळायला हवं, हे सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मी १० ऑगस्टवर बोट ठेवलं. खाली तारखांची चक्री फिरायला लागली. जून आला. एक आला. यंत्रानं विचारलं, ही माहिती खरी आहे याची खात्री आहे? रजिस्टर पुढं ओढावं तसा मी फोन जवळ घेतला आणि 'होय' दाबलं.

ही मागं उभी राहून बघत होती.

"मग नारळीभात कधी करायचा आता?" तिनं विचारलं.